भोसरीच्या शॉपमध्ये तयार झालेला सेटर चाकणला का जातो? मुलं टिकवायची कशी?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन), पाच सीएनसी टर्निंग (तशाच लेथ), एक जुनी रेडियल ड्रिल, माणसं सगळी मिळून बावीस-तेवीस. ऑटोचे पार्ट, थोडं व्हॉल्व्हचं काम, पंपाच्या बॉडी. ऑर्डर आहेत, मशीनचे हप्ते वेळेवर जातात, पेमेंट नव्वद दिवसांनी येतं त्याचीही सवय झालीये. अडतंय एकाच ठिकाणी, माणूस टिकत नाही.

होतं असं की लातूर, बीड, नांदेड, परभणीकडून आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा येतो. पहिले काही महिने लोड-अनलोड, डीबरिंग (कापलेल्या कडा साफ करणं), मायक्रोमीटर नीट धरायला शिकणं. मग ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) टाकायला लागतो, इन्सर्ट (टूलची कापणारी धार) बदलायची वेळ झाली हे कटिंगच्या आवाजावरून ओळखायला लागतो. वर्ष-दीड वर्षात सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणं, जमायला लागतं, फर्स्ट पीस (पहिला तुकडा) स्वतः पास करून घेतो, म्हणजे सेटर होतो. आणि नेमका त्याच सुमारास गुरुवारची सुट्टी जोडून गावाला जातो तो परत येतच नाही. फोन केला की कळतं, चाकणला मोठ्या कंपनीत लागला. दोन-तीन हजार जास्त, बस आहे, कँटीन आहे.

एक सेटर गेला की तासाला चारशे-साडेचारशे रुपये कमावणारी मशीन उभी राहते. नवा माणूस लावला की महिनाभर रिजेक्शन वाढतं, कस्टमरचा क्वालिटीवाला येऊन डोक्यावर बसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जो मुलगा आपल्यासमोर घडला तो गेल्याचं मनाला लागतं ते वेगळंच.

शॉपवाले, एचआरवाले यांनी लिहाच, पण मला जास्त ऐकायचंय ते अशा शॉपमधून बाहेर पडलेल्यांचं. खरं कारण काय असतं?

कोरा_कागद

पगार वाढवा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

शिरोलीकर

कोरा_कागद, जॉब वर्कला रेट कोण वाढवून देतो तेही सांगा म्हणजे झालं. कस्टमर दरवर्षी उलट तीन टक्के कमी करायला सांगतो.

भोसरीकर, तुमचं दुखणं आमच्याकडेही आहे फक्त रूप वेगळं. कोल्हापुरात आमची फाउंड्री. मोल्डिंगला (साचे करायला) आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) स्थानिक पोरं येतच नाहीत, सगळे यूपी-बिहारचे. त्यांचं छटपूजेला आणि होळीला जाणं ठरलेलं, ते आम्ही धरूनच प्लॅनिंग करतो. परत यावेत म्हणून जाताना थोडी उचल देतो, राहायला खोल्या बांधल्यात, दोघातिघांनी कुटुंबं आणली त्यांच्या मुलांच्या शाळेचं बघितलं. ज्यांची मुलं इथल्या शाळेत गेली ते दहा-दहा वर्षं आहेत. माणूस एकटा राहतो तोवर त्याची बॅग भरलेलीच असते.

फर्स्ट_पीस

मी लिहितो सर, मी तुमच्यासारख्याच एका शॉपमधून गेलेला आहे. नाव घेणार नाही, शेठ माणूस वाईट नव्हता.

मी अंबाजोगाईकडचा. आयटीआय मशिनिस्ट. भोसरीत तीन वर्षं काढली, आता चाकणला आहे, नाणेकरवाडीत राहतो. लोक म्हणतात तीन हजारासाठी गेला. खोटं नाही, तीन हजार लागतातच. पण तीन हजाराचा हिशोब ऐका. भोसरीत एका खोलीत चौघं होतो, डबा लावलेला, त्याचे पैसे वेगळे, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बारा-साडेबाराला पायी यायचं. इथं एक वेळचं जेवण कँटीनला, बस दारापर्यंत. म्हणजे हातात फरक तीनचा नाही पाच-सहाचा पडतो.

पण मी त्याच्यासाठी बी गेलो नसतो. मी गेलो चावीसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीनच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलला पॅनलवर एक चावी असते, ती फिरवल्याशिवाय प्रोग्रॅम एडिट होत नाही. आमच्या शॉपला ती चावी शेठच्या खिशात. फीड पाच टक्के कमी करायचाय, एक डेप्थ बदलायचीय, शेठला फोन. शेठ कस्टमरकडे गेलेले, मशीन उभी, आणि संध्याकाळी प्रॉडक्शन कमी का म्हणून मलाच विचारणार. प्रोग्रॅमिंग शिकवा म्हणालो तर म्हणले शिकलास की जाशील. दोन वर्षं तेच उत्तर. मला दिसलं की मी इथं पन्नाशीला बी बटणच दाबत असणार. म्हणून गेलो. इथं लई काही शिकवतात असं नाही, पण शिकायला नाही तर निदान पैसे तरी मिळतील हा विचार केला.

वैशाली_टूलरूम

फर्स्ट_पीस, तुमच्या पोस्टला अगदी मनापासून अनुमोदन.

माझं शिक्षण संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचं, आता वाळूजला टूलरूम सांभाळते. आम्हाला पहिल्या वर्षी फाइलिंग करायला लावलं, हाताला फोड येईपर्यंत, आणि त्यानंतर एकेक मशीन हातात दिली. ज्याच्यावर विश्वास ठेवून मशीन हातात देतात तो माणूस त्या मशीनचा होतो. 'शिकला की जाईल' या भीतीनं न शिकवलेला माणूस पण जातोच, फक्त तो अर्धवट शिकून जातो आणि असेपर्यंत तुमचा माल अर्धवट काढतो.

भोसरीकर

फर्स्ट_पीस, एवढं मोकळं लिहिलंत, आभार. पण चावीची दुसरी बाजू पण ऐकून घ्या. एका चुकीच्या झेड व्हॅल्यूनं (टूल किती खाली जायचा तो आकडा) टूल जॉबमध्ये घुसला की स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य भाग) जातो. स्पिंडल दुरुस्ती लाखात, वर मशीन पंधरा दिवस बंद. बँकेचा हप्ता थांबत नाही. चावी खिशात ठेवणारा मालक पोराचा दुस्वास करतो असं नाही, त्याला रात्री झोप लागत नाही म्हणून ठेवतो.

फर्स्ट_पीस

सर ते मान्य. पण त्याला उपाय आहे. जे प्रोग्रॅम पक्के झालेत ते ९००० सिरीजच्या नंबरला टाका आणि कंट्रोलच्या ३२०२ पॅरामीटरनं (सेटिंगनं) लॉक करा, ते कोणाला बदलता येत नाहीत. बाकीचं एडिट मोकळं सोडा. नवीन प्रोग्रॅम आधी ड्राय रन, म्हणजे झेड वर उचलून न कापता चालवायचा, मग सिंगल ब्लॉक, म्हणजे एकेक ओळ. पोरगं दहा वेळा असं करेल तर स्पिंडल ठोकणार नाही. जो ठोकतो तो घाईत ठोकतो, आणि घाई प्रॉडक्शनच्या टार्गेटनं होती, चावीनं नाही.

टेक_लीड

मशीनमधलं काही कळत नाही पण आयटीत हेच बघितलंय. २०२२ ला टीसीएसचं अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण) २१.५ टक्क्यांपर्यंत आणि इन्फोसिसचं २८.४ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. त्या काळात राजीनामा दिला की लगेच पगार वाढवून देऊन थांबवायचे. माझ्या टीममध्ये असे थांबवलेले बहुतेक जण वर्षाच्या आत गेलेच, कारण जायचं ठरवण्याचं कारण पगारवाढीनं मिटलेलं नव्हतं, आणि जे न मागता प्रामाणिकपणे काम करत होते त्यांना कळलं की राजीनामा टाकल्याशिवाय इथं वाढ नाही. काउंटर ऑफरनं एक माणूस तात्पुरता थांबतो आणि दहा नाराज होतात.

कोरा_कागद

आयटीचा आणि भोसरीचा काय संबंध. तुमच्याकडे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो, यांच्याकडे माणूस बुधवारी रात्री जातो आणि शुक्रवारी दुसरीकडे पंच करतो.

टेक_लीड

संबंध आहे. नव्वद दिवसांनी तरी कोण टिकलं? माणूस मनानं गेलेला असतो, नुसती खुर्ची अडवून बसतो.

जान्हवी_न

शिरोलीकर, तुमच्या खोल्या आणि शाळेचं वाचून बरं वाटलं. पण उचलीबद्दल मला बोलायचंय. मी ऊसतोड आणि वीटभट्टीच्या भागात काम केलंय. उचल ही माणूस बांधून ठेवायचं साधन कधी बनते ते देणाऱ्याला पण कळत नाही. फेडून होईपर्यंत जाता येत नाही अशी वेळ आली की ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या हद्दीत जातं. तुमच्याकडे तसं आहे असं म्हणत नाहीये, पण धाग्यावर कोणीतरी उद्या हा उपाय म्हणून उचलेल म्हणून लिहिलं. जो कर्जामुळे थांबलाय त्याला टिकला म्हणू नये.

शिरोलीकर

जान्हवीताई, रास्त बोललात. आमच्याकडे गावी जायचं भाडं आणि घरी सणाला देण्यापुरती रक्कम असते, तीन-चार महिन्यांत पगारातून वळती होते, आणि मधेच जायचं म्हटलं तर कोणाला अडवत नाही. पण याच भागात मोठमोठ्या उचली देऊन माणसं पळवापळवी करणारे आहेत हेही खरं आहे.

मामा_तळेगाव

सरळ बॉण्ड करून घ्या. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर पन्नास हजार. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट आपल्याकडे ठेवा. आमच्या ओळखीत एक जण करतो, एक पोरगं हलत नाही.

वकील_सातारा

मामा, सर्टिफिकेट ठेवून घेण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. ती त्या मुलाची मालमत्ता आहे, ती अडकवून ठेवायचा अधिकार मालकाला कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही, आणि पोलिसात गेलं तर मालकाची बाजू मांडायला काही उरत नाही.

बॉण्डचं थोडं नीट सांगतो कारण त्याबद्दल गैरसमज खूप आहेत. करार कायद्याचं कलम २७ सांगतं की नोकरी सोडल्यावर माणसानं दुसरीकडे त्याच धंद्यात काम करू नये अशी अट चालत नाही. म्हणजे 'चाकणला जाऊ नकोस' असं लिहून घेतलंत तरी ते कागदच. मात्र नोकरी चालू असतानाच्या काळापुरता, ठरावीक मुदतीच्या आत सोडलं तर भरपाई, असा करार ग्राह्य धरला जाऊ शकतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख ही अट वैध धरली. पण तिथं सार्वजनिक बँक, जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन केलेली अधिकाऱ्याची भरती होती, परत भरती करायचा खर्च दाखवता येत होता, अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानानं रक्कम अवाजवी नाही असं कोर्टाला वाटलं. सोळा-सतरा हजारांच्या ऑपरेटरवर पन्नास हजाराचा बॉण्ड टाकून, ट्रेनिंगचा एकही कागद नसताना कोर्टात गेलात तर काय होईल याचा विचार करा. आणि दावा चालवायला जो वेळ आणि पैसा जाईल त्यात दोन पोरांना बाहेरून कोर्स करवून होईल.

मामा_तळेगाव

बरं. सर्टिफिकेटचा मुद्दा मागे घेतो. पण मग मालकानं करायचं काय, नुसतं बघत बसायचं?

शुभांगी_रांजणगाव

मामा, करण्यासारखं खूप आहे. मी रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीत एचआरला आहे, म्हणजे तुमची मुलं जिथं येतात त्या बाजूची. आत काय चालतं ते सांगते.

चाकण-रांजणगावला येणारी बहुतेक मुलं कंपनीच्या रोलवर नसतातच. कॉन्ट्रॅक्टरच्या, नाहीतर ट्रेनी म्हणून, नाहीतर टेम्पररी. सात महिने झाले की ब्रेक. हा ब्रेक का तर वर्षात २४० दिवस सलग भरले की कायम करण्याचा हक्क सांगता येतो म्हणून. मग तो मुलगा महिना-दोन महिने घरी किंवा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे. पुन्हा नवीन पास, नवीन लाइन, आणि लाइनवर काम काय तर एकच स्टेशन, तोच बोल्ट, तेच टॉर्क. भोसरीत सेटिंग शिकलेला मुलगा इथं येऊन पार्ट उचलून फिक्स्चरमध्ये ठेवतो. दोन वर्षांत हातातलं कसब जातं. हे त्याला सोडताना कोणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा भोसरीकर, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही, तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून कायम करू शकता आणि पूर्ण काम शिकवू शकता. पण ते कागदावर हवं. अपॉइंटमेंट लेटर, दर महिन्याला पगाराची स्लिप, पीएफ पहिल्या महिन्यापासून, आणि कुठल्या पायरीवर काय आलं की किती पगार हे आधीच लिहिलेलं. छोट्या शॉपमध्ये वाढ मालकाच्या मूडवर असते असा मुलांचा समज असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो खरा असतो.

फर्स्ट_पीस

शुभांगी मॅडम बरोबर बोलल्या. माझा पहिला ब्रेक झाला तेव्हा मी गावाला जाऊन सोयाबीन काढली. परत आलो तर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा पास.

मीरा_लातूर

एक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ भोसरीत एका छोट्या शॉपला होता. कामात चांगला, मालकाचा जीव त्याच्यावर. सोडायचं कारण एकच, लग्न. आमच्याकडे स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न मुलगा कुठं आहे. 'अमुक इंजिनिअरिंग वर्क्स' सांगितलं की समोरचे गप्प. मोठ्या कंपनीचं नाव घेतलं, गळ्यात पास असलेला फोटो दाखवला की चहाबरोबर पोहे पण येतात. तो कॉन्ट्रॅक्टचा आहे का कायमचा हे विचारणारे फार थोडे. एकर-दीड एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या मुलाला हे नाव लागतं. भावाला मालकानं दोन हजार वाढवून दिले असते तरी तो थांबला नसता.

शिरोलीकर

मीराताई, हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे एका पोराच्या सोयरिकीला मी स्वतः जाऊन बसलो, सांगितलं की हा आमचा आहे, कायम आहे, पीएफ आहे. लग्न जमलं. पोरगं आज शिफ्ट इनचार्ज आहे.

मामा_तळेगाव

म्हणजे एचआर पॉलिसीत मधुचंद्राची नाही तरी सुपारीची रजा मालकाला पाहिजे :)

जुनी_वही

धागा आवडला, इतिहासातलं थोडं टाकतो, चालेल ना.

१९१३ मध्ये फोर्डनं हायलंड पार्कला फिरती असेंब्ली लाइन सुरू केली आणि माणसं पळायला लागली. त्या वर्षी गळती ३७० टक्के होती, म्हणजे साधारण १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला ५२ हजार माणसं घ्यावी लागली. कामाचा कंटाळा, मुकादमाचा जाच, आणि बाजूला दुसरे कारखाने. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळपास दुप्पट, आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. गळती एकदम खाली आली. तेव्हा कोरा_कागद यांच्या एका ओळीत तथ्य आहे. पण त्या पाच डॉलरमधला निम्मा भाग बोनस होता आणि तो मिळायला अटी होत्या, कंपनीची माणसं घरी येऊन दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बचत करतो का हे तपासायची. पैसे दिले म्हणून माणसाचं घर पण आपलं झालं असं समजणं तिथूनच सुरू झालं, आणि मला तो भाग अजिबात पटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप असलेला माळ, पाणी नाही. तिथं बेळगावहून कारागीर आले आणि राहिले, का? कारण कारखान्याच्या बरोबरीनं राहायची घरं, शाळा, पाणी उभं केलं, मालक स्वतः त्याच माळावर राहिला. शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदार म्हणून ठेवलं आणि त्या माणसांनी विश्वास राखला. रोजगाराची आकडेवारी सोडा, माणसाला तिथं आपली जागा दिसली.

कोरा_कागद

जुनी_वही, छान माहिती. पण १९१० ला त्या माळावरून जायला चाकण नव्हतं.

जुनी_वही

मुंबई होती की, गिरण्यांची. कोकण-घाटावरची माणसं तिकडेच जात होती.

नेकारकाठचा

श्टुटगार्टजवळून लिहितोय. माझी कंपनी साठ-सत्तर माणसांची, गिअरचे पार्ट बनवते, म्हणजे भोसरीकरांच्या शॉपचीच मोठी बहीण. इथं दरवर्षी सोळा-सतरा वर्षांची चार मुलं घेतात, साडेतीन वर्षं शिकवतात, आठवड्यातले एक-दोन दिवस सरकारी शाळा आणि बाकी शॉपफ्लोअर. पगार पहिल्या वर्षापासून. शेवटी परीक्षा व्यापारी-उद्योग मंडळ घेतं, मालक नाही, त्यामुळे त्या सर्टिफिकेटला देशभर किंमत. आणि हो, यातली काही शिकून मोठ्या गाडी कंपनीत जातात. आमचा मालक त्याबद्दल रडत नाही, कारण दुसऱ्यांनी शिकवलेली मुलं त्याच्याकडेही येतात. सगळेच शिकवतात म्हणून ते चालतं. भोसरीत एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं असं असेल तर शिकवणाऱ्यालाच खड्डा पडणार, हे दुखणं एकट्या मालकाच्या हातात नाही.

आणखी एक. इथं माणसं कमी पडतात म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात कुशल मनुष्यबळाचा करार झालाय. तेव्हा उद्या तुमची स्पर्धा चाकणशी राहणार नाही. भाषा मात्र यायला लागते आणि त्यावर बरीच मुलं अडतात.

वैशाली_टूलरूम

नेकारकाठचा, म्हणूनच अ‍ॅप्रेंटिसचं लिहायचं होतं. तीस आणि त्यापेक्षा जास्त माणसं असतील तर अ‍ॅप्रेंटिस घेणं सक्तीचं, पण चार ते एकोणतीस असलेल्यांना सुद्धा हवे तर घेता येतात. भोसरीकर, तुम्ही त्यात बसता. नॅप्सच्या (केंद्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन) योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. रक्कम फार नाही, पण मुलाला शेवटी राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं आणि 'दीड वर्ष हेल्पर होतो' याऐवजी 'अ‍ॅप्रेंटिसशिप केली' असं सांगता येतं. मीराताईंनी जे लिहिलं त्यालाही हे उपयोगी.

आणि मुली घ्या. आयटीआय झालेल्या मुली आहेत, त्यांना काम मिळत नाही म्हणून ब्युटी पार्लरचे कोर्स करताना मी बघितल्यात. आमच्या टूलरूमला तीन मुली आहेत, एक ईडीएमवर (विजेच्या ठिणगीनं धातू कापणारी मशीन), दोघी इन्स्पेक्शनला. टिकण्याच्या बाबतीत माझा अनुभव खूप चांगला आहे. फक्त आधी एक काम करा, स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं वेगळं टॉयलेट. बऱ्याच छोट्या शॉपमध्ये तेच नसतं आणि मग 'मुली टिकत नाहीत' म्हणतात.

मीरा_लातूर

वैशालीताई, टॉयलेटचं मुलांच्या बाबतीत पण तितकंच खरं आहे हो. भाऊ सांगायचा.

शुभांगी_रांजणगाव

एक पैशाचा बारीक मुद्दा, जो पगार वाढवताना सगळे विसरतात. २१ हजाराच्या वर पगार गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतो. मुलाला साडेवीसचे साडेएकवीस केलेत, तुम्ही खूश, पण त्याच्या आईचं डायलिसिस किंवा बायकोचं बाळंतपण ईएसआयवर होणार असेल तर त्याला ती वाढ नको असते. चालू कॉन्ट्रिब्युशन पिरियड संपेपर्यंत कव्हर राहतं, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर नाहीतर ऑक्टोबर ते मार्च, त्यानंतर नाही. तेव्हा त्या रेषेवरची वाढ देताना सोबत आई-वडिलांसकट ग्रुप मेडिक्लेम काढून द्या. तुमचे जे ३.२५ टक्के वाचतात ते त्यातच घाला.

ग्रॅच्युइटी पण समजावून सांगा. बेसिक-डीए पंधरा हजार धरलं तर पाच वर्षांचे साधारण ४३ हजार होतात. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता आल्यात, त्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवाल्याला एका वर्षानंतर सुद्धा प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. बऱ्याच मुलांना हा शब्द पहिल्यांदा सोडताना कळतो.

टेक_लीड

ईएसआयचा मुद्दा माहीतच नव्हता. धाग्यावर येऊन सार्थक झालं.

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस सगळं परत परत वाचलं. माझं म्हणणं मांडतो.

नेकारकाठचा म्हणतात ते खरं आहे, एकट्यानं शिकवून भागत नाही. आमच्या गल्लीत चार-पाच शॉपवाले ओळखीचे आहेत. त्यांच्याशी बोलणं झालं, एकमेकांचा माणूस त्याच्या मालकाशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही असा एक विचार आला होता.

जान्हवी_न

भोसरीकर, ते करू नका, प्लीज. मुलाच्या पायात बेडी घालणं झालं ते. पाचही दारं त्याला बंद म्हटल्यावर तो गल्ली सोडून चाकणलाच जाईल. त्याऐवजी पाच जणांनी मिळून शनिवार संध्याकाळचा एक शिकवणी वर्ग चालवा, एकाकडे प्रोग्रॅमिंग, एकाकडे मेट्रॉलॉजी, एकाकडे मेंटेनन्स.

भोसरीकर

जान्हवीताई, पटलं. मला तोच वर्ग जास्त बरा वाटतो, प्रोग्रॅमिंग मी घेईन.

बाकी ठरवलंय ते असं. पायऱ्या लिहून भिंतीवर लावणार, ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, प्रत्येकाला काय आलं पाहिजे आणि पगार किती, म्हणजे कोणाला माझ्या केबिनमध्ये येऊन मागायला लागू नये. स्लिप आणि लेटर या महिन्यापासून सगळ्यांना. रात्रीच्या शिफ्टला गाडी परवडत नाही, पण दोन शॉप मिळून एक ईको व्हॅन ठरवता येतेय, बोलणं चालू आहे. पक्के प्रोग्रॅम लॉक करून दोन व्हीएमसींच्या चाव्या सेटरच्या हातात. मेडिक्लेमचं कोटेशन मागवलंय.

पगाराचं पण सांगतो, कोरा_कागद यांचा मुद्दा सुटू नये म्हणून. सेटर गेल्यावर मशीन दिवसाला दोन शिफ्ट मिळून सहा तास जरी उभी राहिली तरी सव्वीस दिवसांत दीडशे तास होतात, चारशेच्या रेटनं साठ हजारांच्या वर. वर रिजेक्शन. त्याच पैशात एका सेटरला महिना तीन हजार जास्त देऊन दीड वर्षाच्या वर ठेवता येतो. कस्टमर रेट वाढवत नाही हे शिरोलीकरांचं म्हणणं खरंच आहे, पण हे पैसे माझ्या शॉपमधून असेही जातच आहेत, मग ते मुलाच्या खात्यात गेलेले मला आवडतील.

शिरोलीकर

हा हिशोब उद्या माझ्या भावाला दाखवतो. तो फक्त पगाराचा आकडा बघतो.

कोरा_कागद

भोसरीकर, मानलं. असा हिशोब करणारा मालक असेल तर मी पण येतो, मला फक्त लेथ आणि कांदा एवढंच कापता येतं :)

वकील_सातारा

लेथ कापत नाहीत, लेथवर कापतात. तुमचा इंटरव्ह्यू इथंच संपला.

फर्स्ट_पीस

सर, भिंतीवर पायऱ्या लावाल तेव्हा प्रोग्रॅमरच्या वर बी एक पायरी ठेवा. कोटेशन काढणं, सायकल टाइम काढणं, कस्टमरशी ड्रॉइंगवर बोलणं. चांगला पोरगा पाच वर्षांत प्रोग्रॅमर होतो, त्याच्यापुढं काय हे बी त्याला दिसलं पाहिजे, नाहीतर त्यावेळी तो स्वतःचं शॉप टाकायला जातो.

भोसरीकर

ती पायरी घालतो. आणि स्वतःचं शॉप टाकायला गेला तर जाऊ दे, मी पण असाच एका शॉपमधून निघून इथं आलोय, त्याला माझं जास्तीचं काम देता येईल.

फर्स्ट_पीस, तुमचा पुढचा ब्रेक कधी आहे? व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा.

फर्स्ट_पीस

पुढच्या महिन्यात आहे सर. व्यनि वाचला. गुरुवारी येतो, मशीन बघून मग बोलू.